हरलेल्या सामन्यातील धाव

शास्त्रपाठ : यशया ४९:१-६, १ करिंथ १५:५०-५८



जयपूर शहरातील जवाहर नगरात माझे वास्तव्य आहे. या वसाहतीच्या एका अंगाला टेकड्यांची रांग असून तिच्या पायथ्याशी श्रमिकांची दाट वस्ती आहे. उन्हे उतरली की वसाहतीतील आणि वस्तीतील मुले एका मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतात. गेल्या हिवाळ्यात एके सायंकाळी मी तेथून जात असता सामन्याचे अखेरचे चेंडू चालले होते. फलंदाजाने एक चेंडू असा टोलवला की तो विटांनी आखलेली सीमा ओलांडणार हे उघड दिसत होते. जिंकणारी मुले नाचू लागली, हरणारी जागच्या जागी खाली बसली. परंतु नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मात्र त्या चेंडूमागे जीव तोडून धावत राहिला. चेंडू सीमेपार गेला. मुलगा धापा टाकीत तो घेऊन परतला, तेव्हा मी त्याला विचारले, "सामना तर संपला होता, मग तू का धावलास?" त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हटले, "आंटी, गेंद हमारी तरफ आई थी ना!"

चेंडू आपल्या बाजूला आला होता, एवढेच त्याचे उत्तर. त्या दिवसांत मला या उत्तराची फार गरज होती. ती का, हे मी पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी दोन खेळाडूंची हकीकत आपणांपुढे ठेवते. एक परदेशातील आहे, एक आपल्या घरचा.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हाती घेऊन धावावयाचे असते. साथीदाराने लांबवर फेकलेला चेंडू झेलणाऱ्यास 'रिसीव्हर' म्हणतात. प्रतिपक्षाने लाथेने दूर उडवलेला चेंडू झेलून, अंगावर चालून येणाऱ्या अकरा जणांमधून वाट काढीत तो परत नेणाऱ्यास 'किक रिटर्नर' म्हणतात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी जसा एकटाच सर्वांच्या तावडीत सापडतो, तशीच काहीशी त्याची स्थिती असते. डॉन बीबी या खेळाडूने ही दोन्ही कामे केली. नेब्रास्का राज्यातील एका लहानशा महाविद्यालयातून तो १९८९ साली बफेलो बिल्स या संघात आला. हा संघ १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार वर्षे 'सुपर बाउल' या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चारही वेळा हरला.

त्यांपैकी तिसरा पराभव ३१ जानेवारी १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे झाला. अखेरची काही मिनिटे उरली होती. डॅलस संघाचे ५२ गुण झाले होते, बफेलोचे अवघे १७. अशा वेळी बफेलोच्या हातून चेंडू निसटला आणि डॅलसच्या लिऑन लेट या धिप्पाड खेळाडूने तो उचलून गुणरेषेकडे धाव घेतली. समोर कोणीही नव्हते. रेषा अगदी जवळ आल्यावर आनंदाच्या भरात त्याने चेंडू धरलेला हात बाजूला पसरला. एवढ्यात फार मागून धावत आलेल्या बीबीने त्या हातावर तडाखा दिला. चेंडू उडाला, आणि मिळालेच असे वाटणारे गुण हुकले. फलकावर ५२-१७ हे आकडे तसेच राहिले. बफेलोचा संघ हरला तो हरलाच. पुढे बीबी ग्रीन बे पॅकर्स संघात गेला, १९९६ च्या हंगामात चेंडू परतवताना एकदा ९० यार्ड धावला आणि जानेवारी १९९७ मध्ये त्या संघाबरोबर अजिंक्यपदाचा मानकरीही झाला. तरीही त्याचे नाव निघाले की लोकांना प्रथम आठवते ती पराभवातील धाव.

आता आपल्या घरची हकीकत. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. त्या काळी मुंबईत जी पंचरंगी स्पर्धा होत असे, तिचे संघ धर्म व समाज यांवरून पाडलेले होते : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि ज्यांना यांपैकी कोठेही जागा नव्हती त्यांचा पाचवा संघ. त्या संघाचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. आपले ख्रिस्ती खेळाडू या उरलेल्यांत मोडत. पवित्र शास्त्राच्या वाचकाला 'उरलेले' या शब्दाचे वावडे नसावे. यशयाने आपल्या पुत्राचे नावच शआर-याशूब असे ठेवले होते, आणि त्याचा अर्थ 'अवशेष परत येईल' असा आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर या उरलेल्यांची गाठ हिंदू संघाशी पडली. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. उरलेले १३३ धावांत गारद झाले आणि त्यांना पुन्हा फलंदाजीस उतरावे लागले. सामन्याचा निकाल जवळजवळ ठरून गेला होता. त्या दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा! सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. या ३०९ धावांचे स्मरण सारे ठेवतात. परंतु दुसऱ्या टोकाला उभे राहून ज्याने स्वतःसाठी फारसे काही न मिळविता भावाला खेळत राहण्यास अवसर दिला, त्या २१ धावांच्या धन्याचे स्मरण मंडळीने तरी ठेवावे असे मला वाटते.

असे एकदाच घडले असे नाही. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीत हजारे यांनी ११६ आणि १४५ अशी दोन्ही डावांत शतके काढली. असे करणारे ते पहिले भारतीय. भारत मात्र एक डाव आणि १६ धावांनी हरला. जून १९५२ मध्ये लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताचे चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर शून्य धावा होत्या. त्या शून्यावर कर्णधार हजारे मैदानात उतरले आणि त्यांनी ५६ धावा केल्या. तो सामनाही गेला. अर्थात विजय त्यांच्या वाट्याला आलाच नाही असे नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. परंतु त्यांची योग्यता त्या एका विजयाने ठरली नाही. ती ठरली शून्यावर उतरतानाच्या त्यांच्या पावलांनी.

वाचकहो, येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या श्रमाने निकाल बदलत नाही, त्या श्रमाला काय अर्थ? हा केवळ हट्ट नव्हे काय?

यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक हाच प्रश्न देवापुढे मांडतो. देवाने त्याला जन्मापूर्वीच बोलावले आहे, तीक्ष्ण बाणासारखे आपल्या भात्यात जपले आहे. तरीही चौथ्या वचनात तो आपले मन मोकळे करतो : आपण फुकट राबलो, आपले बळ वायफळ खर्च झाले. देव त्याला रागे भरत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. नैराश्य बोलून दाखविणे हे पाप असते, तर हे वचन पवित्र शास्त्रात राहिलेच नसते. पण सेवक तेथेच थांबत नाही. त्याच श्वासात तो म्हणतो की माझा न्याय आणि माझ्या कामाचे मोल माझ्या देवाजवळ आहे. फलक कोणाच्या हाती आहे हे त्याला ठाऊक आहे.

भाषांतरकाराला येथे एक ठेवा सापडतो. सेवकाच्या या तक्रारीतील मूळ इब्री शब्द 'रीक' असा आहे. त्याचा अर्थ पोकळ, रिकामा. आपल्या 'रिक्त' या शब्दाशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे आहे, परंतु मराठी माणसाच्या कानाला ते चटकन लागते. जुन्या करारांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे 'रिकामे' आणि 'श्रम करणे' या अर्थाचे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. आता पहिले करिंथ पंधरा उघडा. चौदाव्या वचनात पौल म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा 'केनोस' आहे, रिकामी आहे. आणि अध्यायाच्या अगदी शेवटी, अठ्ठावन्नाव्या वचनात, तोच शब्द पुन्हा घेऊन तो सांगतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम 'केनोस' नाहीत. सेवकाने जी तक्रार केली तिचे उत्तर जणू तिच्याच शब्दांत मिळाले आहे. मधल्या वचनांत काय आहे? ख्रिस्ताचे पुनरुत्थान! आपले श्रम रिकामे नाहीत, याचे कारण आपण नेटाने केलेले प्रयत्न नव्हे. वधस्तंभावर हरल्यासारखा दिसलेला सामना देवाने तिसऱ्या दिवशी स्वतः निकालात काढला, हे त्याचे कारण आहे.

त्या तिसऱ्या दिवसाची पहाट आठवा. सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघालेल्या स्त्रियांना विजयाची वार्ता द्यावयाची नव्हती. त्यांच्या दृष्टीने सर्व संपले होते. मृत देहाची अखेरची सेवा तेवढी उरली होती, आणि ती आपल्याकडे आली आहे म्हणून त्या निघाल्या. निकाल बदलण्याची आशा नसताना त्या चालत राहिल्या, आणि निकाल बदलला आहे हे प्रथम त्यांनाच कळले. घरी बसून राहणाऱ्यांना ते त्यांच्या तोंडून ऐकावे लागले.

आता माझ्या गरजेविषयी. राजस्थानातील एका लहान समाजाच्या बोलीत नव्या कराराचे भाषांतर करण्याच्या कामात मी अकरा वर्षे घालविली. लूककृत शुभवर्तमान छापून झाले. प्रेषितांची कृत्ये हाती घेतली असता, काम चालविणाऱ्यांनी ते थांबविण्याचा निर्णय कळविला. तरुण पिढी हिंदी वाचते, बोलीतील पुस्तके पडून राहतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी सर्व कागद बांधून कपाटात ठेवले. तीन आठवडे मी ते कपाट उघडले नाही. वाक्यावाक्याला मूळ शब्दाशी झगडण्याची ती वर्षे मला रिकामी वाटू लागली. त्याच दिवसांत त्या मुलाचे उत्तर माझ्या कानी पडले.

त्यानंतरच्या सोमवारी माझे वृद्ध सहकारी, ज्यांची ती मातृभाषा आहे, नेहमीप्रमाणे आपली वही घेऊन दारात उभे राहिले. निर्णयाचे पत्र त्यांनीही वाचले होते. मी म्हटले, "बाबूजी, आता हे कोण वाचणार?" ते म्हणाले, "बहनजी, माझी बहीण वाचू शकत नाही. पण ती ऐकते." मी कपाट उघडले. आज आम्ही एकविसाव्या अध्यायात आहोत; अजून सात अध्याय उरले आहेत. ते छापले जातील किंवा नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु विवेक हजारे यांच्यासारखे दुसरे टोक सांभाळणारे कोणी आहे, आणि चेंडू आमच्या बाजूला आला आहे, हे मला ठाऊक आहे.

प्रिय वाचका, तुझ्या फलकावर आज काय लिहिलेले आहे? तू एखाद्या खेड्यातील मंडळीचा पाळक असशील, आणि उपासनेला आठ माणसेही येत नसतील. व्यसनात बुडालेल्या मुलासाठी वीस वर्षे प्रार्थना करणारी आई तू असशील. वैद्यांनी आशा सोडलेल्या पतीचे अंग पुसून त्याला कूस वळवून देणारी पत्नी असशील. जग तुला सांगेल की सामना संपला, आता खाली बस. प्रभू तुला निकाल बदलण्यास सांगत नाही. ते त्याचे काम आहे. तुझ्याकडे जे आले आहे त्यामागे तू धावावेस, एवढेच तो मागतो. दुसऱ्या तीमथ्याच्या चौथ्या अध्यायात आयुष्याच्या संध्याकाळी पौल स्वतःविषयी सांगतो तेव्हा तो जिंकलो असे म्हणत नाही. धाव पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच तो म्हणतो. मुगूट त्याला दिसतो तो न्यायी प्रभूच्या हातात.

आणि धावता धावता तू थकलास, तर सेवकाप्रमाणे ते देवाला सांग. तो ऐकतो. मग सेवकाला मिळालेले उत्तरही ऐक : केवळ याकोबाचे वंश परत आणणे ही तर लहान गोष्ट, मी तुला राष्ट्रांसाठी प्रकाश करीन. जो म्हणत होता की सर्व व्यर्थ गेले, त्याच्या त्या श्रमाला देवाने पृथ्वीच्या सीमांपर्यंत नेले.

प्रार्थना : हे प्रभू, निकाल तुझ्या हाती आहे हे आम्ही विसरतो आणि खाली बसतो. आमच्या बाजूला जे तू पाठविले आहेस ते ओळखण्यास आम्हांला दृष्टी दे. ज्यांचे नाव कोणी घेत नाही अशा, दुसरे टोक सांभाळणाऱ्या तुझ्या सेवकांना बळ दे. आमचे श्रम रिकामे नाहीत, कारण तू जिवंत आहेस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.