एक तृतीयांशाचं श्रेय

शाळेत शंकूचं घनफळ शिकवताना बाईंनी पत्र्याचा शंकू आणि तेवढ्याच तळाची, तेवढ्याच उंचीची वृत्तचिती आणली होती. शंकूभर वाळू तीनदा ओतली आणि वृत्तचिती काठोकाठ भरली. आम्ही वहीत १/३ लिहिलं. हे पहिल्यांदा कोणाला सुचलं, असं कोणी विचारलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर आर्किमिडीजने दोन ठिकाणी दोन प्रकारे दिलं आहे. गोल आणि वृत्तचितीवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो युडॉक्ससचं नाव घेतो, कारण सिद्धता त्याची. इराटोस्थेनिसला लिहिलेल्या पत्रात मात्र तो म्हणतो की, हे विधान आधी डेमोक्रिटसने केलं होतं. त्याने सिद्धता दिली नसली, तरी श्रेयाचा वाटा त्यालाही मिळायला हवा.

याच पत्रात डेमोक्रिटस आठवावा, याला कारण आहे. गोलाचं घनफळ आपल्याला कसं सापडलं, हे आर्किमिडीज इथे सांगतो आहे. त्याने गोल, शंकू आणि वृत्तचितीचे अतिपातळ काप कल्पनेतल्या तराजूवर तोलले. ही सिद्धता नव्हे, हे तो स्वतःच कबूल करतो. पण उत्तराची चाहूल आधी लागली, की सिद्धता शोधणं सोपं जातं. जो स्वतः अंदाजाच्या वाटेने गेला, त्याला दुसऱ्याच्या अंदाजाचं मोल कळलं.

मला ते वेळेवर कळलं नाही. गेल्या वर्षी आमच्या प्रणालीत काही व्यवहार दोनदा नोंदले जात होते. मीटिंगमध्ये एक ज्युनिअर सहकारी म्हणाली, “दोन सर्व्हर एकाच वेळी तीच नोंद उचलत असतील का?” मी विचारलं, “पुरावा?” तिच्याकडे नव्हता. तीन दिवस लॉग उपसून मी तो मिळवला. अहवालावर माझं एकट्याचं नाव लागलं, कौतुकही माझंच झालं.

मी स्वतःची समजूत घातली, की अंदाज काय, कोणीही करतं. पाच जणांनी पाच अंदाज केले, तर एखादा बरोबर निघणारच. हे खोटं नाही. पण डेमोक्रिटसचा अंदाज तसा नव्हता. प्लुटार्कने त्याचं एक कोडं नोंदवलं आहे: शंकू तळाला समांतर कापला, तर लगतचे दोन पृष्ठभाग समान की असमान? समान असतील, तर शंकूची वृत्तचिती होईल; असमान असतील, तर शंकूला पायऱ्या पडतील. जो माणूस शंकूशी इतका झगडला, त्याचं विधान हवेत सोडलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, श्रेय ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. अंदाज करणारा त्या प्रश्नाशी झटला होता का? आणि सिद्ध करणाऱ्याने शोध त्या अंदाजापासून सुरू केला का? दुसऱ्याचं उत्तर फक्त सिद्ध करणाऱ्यालाच ठाऊक असतं. लॉगमधली पहिली जागा मी तिच्या वाक्यावरून निवडली होती, हे माझ्याशिवाय कोणाला कळणार होतं?

नंतर मी अहवालात तिच्या नावाची ओळ घातली आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मी नुसतं बोलले होते.” तोवर त्या वर्षीची पगारवाढ ठरून गेली होती.