कुमारवयातील क्रोध : निग्रह, निचरा की निवृत्ती?

क्रोध हा विकार आहे आणि विकार जीवाला परमेश्वरापासून दूर नेतो, याविषयी आपणांत मतभेद नाही. प्रश्न उपस्थित होतो तो याच्या पुढे. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या ठिकाणी जो क्रोध वारंवार उसळताना दिसतो, त्याचे वडीलधाऱ्यांनी काय करावे? ‘मोठ्यांपुढे आवाज चढवू नकोस’ असे दटावून तो दाबून टाकावा, की ‘मनात साठवू नये, एकदा ओकून टाकावे’ असे म्हणून त्याला वाट करून द्यावी? पहिला मार्ग निग्रहाचा, दुसरा निचऱ्याचा. जुन्या घरांतून पहिला चालत आला; दुसऱ्याचा पुरस्कार अलीकडे अधिक होतो. परंतु या दोहोंपैकी एकही मार्ग विकाराच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम अधिकारी कोण, याचा विचार केला पाहिजे. ज्याला उपदेश करावयाचा त्याची योग्यता न पाहता केलेला उपदेश वाया जातो. कुमारवयात देह वेगाने पालटत असतो. शरीरशास्त्र सांगते की, भावना उसळविणारे मेंदूचे भाग या वयात लवकर जागे होतात. परंतु त्यांना आवर घालणारा, कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व होण्यास विशी ओलांडून काही वर्षे जावी लागतात. म्हणजे घोडा आधी तरणा होतो आणि लगाम मागाहून हाती येतो. या वयात निद्रेची वेळही स्वभावतःच रात्री पुढे सरकते. आठ ते दहा तास झोपेची आवश्यकता असलेल्या मुलास पहाटे शिकवणीला उठविले जाते. वर दहावी-बारावीचे वर्ष, शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना आणि हातातील यंत्रावर अहोरात्र चाललेली इतरांची वाहवा. अशा ताणलेल्या मनास एक शब्द पुरे होतो. हे सर्व क्रोधाचे समर्थन नव्हे, निदान आहे. निदानावाचून औषध देणारा वैद्य रोग्याचा वैरी ठरतो.

आता मूळ कोठे आहे ते पाहू. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या दोन श्लोकांत श्रीकृष्ण भगवंतांनी विनाशाची परंपरा सांगितली आहे. विषयाचे चिंतन, चिंतनापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, त्यापासून बुद्धिनाश, आणि शेवटी सर्वनाश. क्रोध या साखळीच्या मध्यभागी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपण सामान्यतः तेथेच हात घालतो. वस्तुतः आरंभीची कडी चिंतन ही आहे. येथे विषय म्हणजे केवळ भोग्य वस्तू, असे कोणी म्हणेल. तथापि अपमान हाही मनाला विषय होतो. ‘त्याने मला चारचौघांत असे म्हटले’ हे वाक्य मुलगा दिवसभर मनात घोळवितो, तेव्हा तो विषयाचेच ध्यान करीत असतो. प्रसंग क्षणाचा असतो. त्याचे चिंतन त्याला दीर्घायुषी करते.

निचऱ्याचा मार्ग का फसतो, हे यावरून कळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर बोचरी टीका ऐकवून प्रथम राग आणविला. नंतर काहींना टीकाकाराचे स्मरण करीत मुष्टियुद्धाच्या थैलीवर ठोसे मारावयास सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करीत मारावयास सांगितले, तर काहींना केवळ स्वस्थ बसविले. टीकाकाराचे स्मरण करीत ठोसे मारणाऱ्यांचा राग ओसरला तर नाहीच, उलट तेच सर्वांत अधिक क्रुद्ध राहिले. स्वस्थ बसलेले सर्वांत कमी आक्रमक आढळले. चिंतन चालू असता हातांनी केलेला निचरा हा अग्नीवर तूप ओतण्याचाच प्रकार होय.

मग निग्रह तरी खरा का? नाही. तोंड मिटले म्हणजे चिंतन थांबले, असे होत नाही. दटावलेला मुलगा खोलीचे दार लावून आत तेच घोळवीत बसतो. बाहेर शांतता दिसते, ती वडिलांच्या सोयीची असते. मुलाच्या कल्याणाची नसते.

उरतो तो निवृत्तीचा मार्ग. गीतेच्या पाचव्या अध्यायात काम-क्रोधांपासून उठणारा वेग जो देहपातापूर्वी येथेच सहन करू शकतो, त्याला योगी व सुखी म्हटले आहे. वेग उठूच नये, अशी अट तेथे नाही. वेग सोसण्याचे सामर्थ्य हवे, इतकेच सांगितले आहे. कुमारवयीन मुलास हा भेद समजावून सांगितला पाहिजे की, राग येणे हा तुझा अपराध नव्हे; त्याला आश्रय देऊन पोसणे आणि त्याच्या हाती जिव्हा सोपविणे, हा अपराध.

हे सामर्थ्य कसे यावे? आपल्या साधकांच्या आचारात अटन, विजन आणि स्मरण ही साधने सांगितली आहेत. ती मोक्षमार्गाची साधने आहेत, हे खरे. परंतु त्यांची छाया गृहस्थाच्या मुलासही शीतलता देऊ शकते. वेग उठला की त्याने जागा सोडावी आणि संथपणे चालून यावे. धावणे नव्हे, चालणे. २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित परामर्श प्रसिद्ध झाला. देहाची उत्तेजना वाढविणाऱ्या क्रियांनी एकंदरीत राग उतरत नाही; दीर्घ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान अशा उत्तेजना उतरविणाऱ्या क्रियांनी उतरतो, असे त्यात आढळले. हे झाले अटन. थोडा काळ एकांत मिळावा, ज्यात कोणी समजूत घालीत नाही आणि जाबही विचारीत नाही, हे विजन. परंतु एकांतात पुन्हा अपमानाचेच ध्यान लागू नये, म्हणून मनास दुसरे आलंबन हवे. ते नामस्मरण असेल, सावकाश सोडलेला श्वास असेल, किंवा घडले ते वहीत लिहून ती मिटून ठेवणे असेल. रिकामे मन जुन्याच विषयाकडे वळते. गुंतलेले मन वळत नाही.

येथे एक आक्षेप येतो. मुलाचा राग न्याय्य असेल तर? वर्गात दुबळ्याची टवाळी होत असता त्याचे रक्त उसळले, तर तेही शमवावे काय? क्रोध गेला तर अन्यायाचा प्रतिकार कोण करील? आक्षेप वजनदार आहे. याचे उत्तर लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत मिळते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयास आला. स्वामींनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही. शरणागतास सोडावयाचे नाही, हा निश्चय अढळ होता. पण पारध्यांविषयी द्वेष नव्हता. त्यांना त्यांनी शब्दांनी समजाविले. रक्षणास दृढता लागते. क्रोध लागत नाही. क्रोधाने उठलेला मुलगा टवाळखोरास मारतो आणि दुबळा तेथेच उभा राहतो. निश्चयाने उठलेला मुलगा आधी दुबळ्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. अन्याय दिसला म्हणून पेटलेली जाणीव विझवू नये. तिच्यातील द्वेष तेवढा गाळावा.

आता वडीलधाऱ्यांविषयी. मुलगा उपदेशापेक्षा आचार उचलतो. जो पिता स्वतः ताट भिरकावतो, त्याने मुलास शांतीचे पाठ देणे व्यर्थ. मुलाचा वेग चढलेला असता वाद घालू नये. संमोहात बुद्धी ऐकत नाही, हे श्लोकातच सांगितले आहे. वेग उतरल्यावर मात्र अवश्य विचारावे, ‘बाळ, तुला नेमके काय लागले?’ कित्येकदा रागाखाली भय असते, नापास होण्याचे. लाज असते, कोणी हसल्याची. ते बाहेर आले की रागाचे काम संपते.

एक गोष्ट निकडीने सांगणे आवश्यक आहे. कुमारांचा क्रोध कधी आतल्या बाजूस वळतो आणि स्वतःच्याच जीवावर उठतो. शासकीय नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. आत्मघात ही हिंसाच होय, आणि तिचा बळी आपलेच लेकरू असते. मूल अबोल झाले, अन्न-निद्रा तुटली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ‘नाटक करतो’ असे म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये आणि वैद्याचे साहाय्य विनाविलंब घ्यावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. औषधोपचार घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे मानणे हे अज्ञान होय.

सारांश, क्रोध दाबल्याने जात नाही आणि ओकल्यानेही जात नाही. त्याचे चिंतन सुटले की तो निराधार होऊन गळतो. हे एका दिवसात साधणारे नव्हे. मन चंचल आहे, हे अर्जुनाचे म्हणणे श्रीकृष्ण भगवंतांनी मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला. वैराग्य पुढे यथाकाळ येईल; अभ्यास मात्र आजपासून, घरातील मोठ्यांनी आरंभ करून, सुरू करता येतो.