फाटकापासून पन्नास मीटर

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020चा नियम आहे. नियम चांगला, पण टपरी डोळ्यांसमोर ठेवून केलेला. टपरी हटवता येते. मोबाइल मुलांबरोबरच फिरतो.

त्यावर चाललेलं जरा पाहा. चीजमध्ये बुडवलेला वडापाव, त्यावर पुन्हा किसलेलं चीज. अंगठा सरकला की लगेच पीळदार दंडांचा तरुण आणि त्याच्या हातात प्रोटीन पावडरचा डबा. आधीचा म्हणतो खा, नंतरचा म्हणतो बारीक हो. सल्ले परस्परविरोधी, पण धंद्याच्या हिशेबात दोन्ही जमेचेच : आधी हाव विकायची, मग खाल्ल्याची लाज. घरात आपण पहिल्यावरच ओरडतो. दुसरा आरोग्याचं सोंग घेऊन येतो म्हणून सुटतो, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते.

या भीतीमागे एक दाखला आहे. फिजीच्या नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही आला. भरदार अंगाचं तिथे कौतुक होतं. मुलगी वाळली तर घरच्यांना घोर लागायचा. ॲन बेकर या अमेरिकी संशोधक बाईंनी टीव्ही नुकताच आलेला असताना आणि पुन्हा 1998मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. दुसऱ्या खेपेला 11.3 टक्के मुलींनी तसं सांगितलं. पाहणी लहान होती, दोन्ही वेळा साठ-पासष्ट मुलींचीच, आणि बदलाला इतर कारणंही असू शकतात. तरी मालिकांतल्या नायिकांसारखं दिसायचंय, हे मुलींनीच बोलून दाखवलं. त्या मालिका खाण्यापिण्याबद्दल नव्हत्याच. टीव्हीने आधी आरसा बदलला, ताट मागोमाग बदललं.

पण माध्यमांच्या नावाने नुसती बोटं मोडून भागत नाही. 2023मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याने तो काढून टाकला, पण साखरेचा प्रश्न घरोघरी पोचला होता. वर्षअखेरीस कंपनीने वरून घातलेली साखर कमी केली. एप्रिल 2024मध्ये अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका, असं केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं. डब्याची मागची बाजू वाचायला मुलांना याच पडद्याने शिकवलं.

ते काम शाळेनेही करावं. आठवीच्या वर्गात बिस्किटाचा पुडा आणावा आणि 100 ग्रॅममागची साखर पाहून आपण खाल्लेल्या चार बिस्किटांत ती किती, हे शेकडेवारीचं गणित म्हणून सोडवायला द्यावं. जाहिरातीला एवढा हिशेब पुरतो.

आरशाचं काम मात्र घरालाच करावं लागेल, आणि तिथेच आपण कच्चे आहोत. लग्नात भेटलेली मावशी चौदा वर्षांच्या भाचीला चारचौघांत “अगं, केवढी सुटलीस!” म्हणते आणि आपण हसतो. जी लाज पडद्याला रील दाखवून दाखवून पेरावी लागते, ती आपण मायेच्या माणसाच्या तोंडून फुकट पेरतो. मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेण्याआधी ते हसणं थांबवायला हवं.