पिठाचा कोंबडा

दुपारी दोन ते चार घरात कुणी नसतं. भांडी आवरायची, दाराला कडी घालायची आणि लेकाच्या लॅपटॉपवर मारामारीचा सिनेमा बघायचा, असं माझं चालतं. मंदिरातल्या बायकांना हे ठाऊक नाही. आता होईल.

सिनेमा एकच, चार-पाचदा बघितलेला. १९९२चा 'एल मारियाची'. रॉबर्ट रॉड्रिगेझ नावाच्या टेक्सासच्या विशीतल्या पोरानं सरहद्दीपलीकडं, मेक्सिकोतल्या एका गावात, तो सात हजार डॉलरच्या आसपास काढला. त्यातले बरेच पैसे औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवलेले! कॅमेऱ्यासाठी गाडी नव्हती, तर रुग्णाच्या चाकाच्या खुर्चीत बसून चित्रण केलं. उसन्या बंदुकांतून खोटं काडतूस एकाच वेळी एकच सुटायचं. मग एकेक बार वेगवेगळ्या बाजूंनी घेतला, जोडला, आणि पडद्यावर गोळ्यांचा पाऊस पडला. महिनाअखेरीला उरल्यासुरल्यातून चार माणसांचं ताट भरणाऱ्या बाईला याचं कौतुक वाटणारच.

गोष्ट साधी आहे. काळ्या कपड्यातला एक गरीब गवई गिटारची पेटी घेऊन काम शोधत गावात येतो. तसल्याच पेटीत बंदुका घेऊन एक गुन्हेगारही फिरत असतो. गुंडांची माणसं गवयालाच तो समजतात.

"खोटंच तर आहे सगळं. रंगाचं पाणी. कोण मेलं?" अशी मी मनाची समजूत घालायची. पण लहानपणी आज्जीनं अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सांगितलेली यशोधर राजाची कथा आडवी येते. जन्न कवीनं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ती कन्नडात लिहिली. देवीला जीव द्यायला राजा तयार होईना, तेव्हा आई म्हणाली, निदान पिठाचा कोंबडा तरी काप. कापला. रक्ताचा थेंब नाही. तरी मायलेकांना मोर, कुत्रा असे किती जन्म घ्यावे लागले. मी आज्जीला विचारायची, पिठाला काय दुखतंय? ती म्हणायची, पिठाला नाही गं, कापणाऱ्याच्या मनाला विचार.

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गवई पहिल्यांदा मारतो तो जीव वाचवायला. ती विरोधी हिंसा, आणि गृहस्थाला तेवढी पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रही जाणतं. शेवटी मात्र त्याची मैत्रीण मेलेली असते, त्याचा हात गोळीनं फुटलेला असतो, आता तो कधी गिटार वाजवणार नाही, आणि गुंड समोर हसत उभा असतो. गवई बंदूक उचलतो. तिथं मी दर वेळी मोठ्यानं म्हणते, "घाल!"

हे एकदा लक्षात आल्यावर मी नीट बघितलं. पडद्यावर गुंड होता, पण माझ्या मनात माझे दीर होते. आमचे मालक गेल्यावर शेताची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा त्यांनी कसा आपल्याकडं ओढला, ते सांगत बसत नाही. भांडले नाही मी. कोर्टातही गेले नाही. लोक म्हणाले, किती सोशिक बाई.

म्हणजे मोलानं आणलेल्या दुसऱ्याच्या गोळीनं मी दुपारी दोन ते चार काय करत होते? सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लेक तोच सिनेमा बघून हसतो आणि क्रिकेट खेळायला जातो, त्याच्या मनात कुणाचं तोंड येत नाही. त्याच्यापुरतं ते पीठच आहे. माझ्यापुरतं ते पीठ नव्हतं, आणि हे फक्त मलाच कळू शकत होतं.

गेल्या क्षमावाणीला दीर घरी आले होते. मी चहा केला. त्यांनी हात जोडले, "वहिनी, काही चुकलं असेल तर क्षमा करा." मीही हात जोडले, तेच शब्द बोलले. त्यांना वाटलं, रीत म्हणून बोलते आहे.

सिनेमा अजून लॅपटॉपवर आहे. मधे एकदा लावला होता, विहिरीचा विचार आला, तसा बंद केला. भांडी राहिली होती.