मुखपृष्ठावरचे नाव

कादंबरीला तिच्यातील एखाद्या पात्राचेच नाव देणे कितपत योग्य, हा प्रश्न वरवर पाहता लेखक आणि प्रकाशक यांच्यातला. वाचकाने त्यात का पडावे? परंतु आम्हां मावळवासीयांना तो टाळता येत नाही. लोणावळ्याहून घुसळखांबच्या बाजूने जाताना तुंगाचा सुळका दिसू लागला की आमच्यापैकी कोणी ना कोणी ‘पवनाकाठचा धोंडी’ असे म्हणतोच. पुस्तक न वाचलेलेही म्हणतात. एका कल्पित माणसाचे नाव डोंगराला असे चिकटून बसावे, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाडे येथे राहत आणि गडकिल्ले पायी हिंडत. आमच्या या मुलखातील माणसांवर त्यांनी लिहिलेल्या दोन कादंबऱ्यांची नावे सर्वांना परिचित आहेत : ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) आणि ‘माचीवरला बुधा’ (१९५८). पहिली पवनमावळातली, दुसरीत मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला आणि झाडापाखरांत रमलेला बुधा आहे. ही नावे कशी पडत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या घरी मुले जगत नसत, तिथे नव्या अर्भकाला धोंडू, धोंडी, दगडू असे काही नाव ठेवीत. दृष्ट लागू नये, मृत्यूलाही हे मूल उचलण्याजोगे वाटू नये, हा त्यामागचा हेतू. बुधवारी जन्मला तो बुधा. त्यात वाराखेरीज दुसरा अर्थ शोधू नये. आईने भीतीपोटी मुद्दाम हलके ठेवलेले नाव लेखकाने उचलले आणि वाचनालयात राजेरजवाड्यांच्या पुस्तकांशेजारी नेऊन ठेवले. हे औचित्याला धरून झाले का, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर तत्काळ ‘होय’ असे आहे.

एका भगिनीने मात्र आम्हांस अडवले. त्या शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, “ययातीचे पुस्तक नुसत्या ‘ययाति’ या नावावर उभे राहते. तुमच्या धोंडीला नदीचा काठ लागतो, बुधाला माची लागते. गरिबाचे नाव एकटे पुरत नाही, असेच ना?” आम्ही काही वेळ निरुत्तर झालो. मग सुचले ते असे : मावळात माणूस असाच ओळखला जातो. एका खोऱ्यात चार धोंडी सापडतात. वाडीचे नाव जोडल्यावाचून कोणता धोंडी ते कळत नाही. शिवाय कोकणातील बालविधवेची कथा सांगताना दांडेकरांनीच ‘शितू’ (१९५३) हे नाव एकटे उभे केले, आणि अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’लाही (१९५९) कशाचा टेकू लागला नाही. आक्षेप बराचसा गळून पडतो. पुरता गळतो असे आम्ही म्हणणार नाही. त्या भगिनीच्या बोलण्यातले शल्य अजून थोडे आत आहे.

आता ‘ययाति’च घ्या. वि. स. खांडेकरांच्या या १९५९ सालच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आपापली कहाणी सांगतात. तरी मुखपृष्ठ मिळाले ते पोटच्या मुलाकडे तारुण्य मागणाऱ्याला! शर्मिष्ठेवर हा अन्याय नव्हे काय? पूर्वी आम्हांस तसे वाटे. पुढे वाटू लागले की, खटल्याच्या कागदांवर आरोपीचे नाव असते, तसे हे नाव आहे. म्हणजे पुस्तकाला नाव दिले जाणे हा प्रत्येक वेळी सन्मान असतोच असे नाही. पण वाचकाचे मन भाबडे! ज्याचे नाव दारावर, त्याच्या बाजूने ते बसते. ययातीला क्षमा करायला आम्ही किती उतावीळ असतो आणि देवयानीच्या बाबतीत किती कठोर, हे वाचकांनी स्वतःशी तपासून पाहावे. आम्ही पाहिले, आणि आम्हांला ते भूषणावह वाटले नाही. नाव देणारा लेखक आमची सहानुभूती अगोदरच वाटून टाकतो. उरलेल्या पात्रांच्या वाट्याला काय राहिले हे पाहणे मग वाचकाचे कर्तव्य होऊन बसते.

पवित्र शास्त्रातील रूथचे पुस्तक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अवघे चार अध्याय. दुष्काळात बेथलेहेम सोडणारी नामी, पती व दोन्ही पुत्र गमावणारी नामी. आणि शेवटी बाळ जन्मते तेव्हा शेजारणी आनंदाने सांगतात ते नामीला पुत्र झाला म्हणूनच. कथेचा आरंभ आणि शेवट दोन्ही सासूकडे. तरीही पुस्तक सुनेच्या नावाचे आहे, आणि ती सून मवाबी, परक्या वंशाची. जिचे त्या गावात काहीही नव्हते, तिला पुस्तक मिळाले. नामीचे त्यामुळे काही हिरावले गेले असे वाचताना जाणवत नाही, कारण रूथ तिचा हात सोडतच नाही. आमच्या मते नाव देण्याची खरी कसोटी इथे लागते : नाव एकीचे असूनही दुसरी उघडी पडत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि ते एका ख्रिस्ती लेखकाच्या हातचे, म्हणून आपल्याला विशेष जिव्हाळ्याचे. त्यातली यमुना विधवांची दुःखे पाहत हिंडते आणि पुढे स्वतः त्याच दुःखात पडते. नाव तिचे, पण लेखकाचे चित्त विधवांच्या स्थितीवर, आणि यमुना पुष्कळदा केवळ पाहणारी राहते. तीसेक वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये आणखी एका यमूची आत्मकथा लिहिली. तिचे नाव त्यांनी पुस्तकाला दिलेच नाही. ‘पण लक्षात कोण घेतो!’ असे नाव दिले. आज घरोघर आठवते ती ही यमू. आमच्या प्रिय पदमनजींच्या यमुनेपेक्षा ती अधिक जिवंत आहे, हे मान्य करताना आम्हांस थोडे जड जाते, पण मान्य केले पाहिजे. मुखपृष्ठावर नाव घातले म्हणजे माणूस लाभतोच असे नाही. धोंडी लाभला, कारण पुस्तक आतूनही त्याचेच आहे.

ज्या काठाचे नाव त्याला जोडले आहे, तो काठ मात्र आता पूर्वीचा उरलेला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरणाचे काम पुरे झाले आणि वरच्या खोऱ्यातील शेतेवाड्या पाण्याखाली गेल्या. तुंगावर उभे राहिले की खाली जलाशय पसरलेला दिसतो.

मागे एकदा गडावरून उतरताना आम्ही तुंगवाडीत पाणी मागितले. ते घेऊन आलेल्या मुलाचे नाव अगदी आजकालचे, शहरी वळणाचे होते. आजोबांचे नाव विचारताच तो ओशाळून हसला आणि खाली पाहत त्याने ते सांगितले. ते दगडाच्याच घराण्यातले होते. आमच्यापैकी एकाने त्याला सांगितले की, अशा नावाचे एक मोठे पुस्तक आहे.

“आजोबांवर?” त्याने विचारले.