घोडे आणि लगाम

भाचीने साडेचारशे सीसीची मोटोक्रॉस बाइक घेतली. वजन सव्वाशे किलोच्या आत, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या पुढे. अशा गाडीवर नवशिका मागे फेकला गेला की मूठ आपोआप आणखी पिळली जाते, मग विचारायलाच नको. म्हणून मी इंजिनाचा मॅप मवाळ केला. फ्लायव्हीलला जादा वजन चढवलं; त्याने इंजिनाचे फेरे एकदम उसळत नाहीत, सावकाश चढतात आणि गाडी सारखी बंदही पडत नाही. थ्रॉटलची ट्यूब अशी बसवली की मूठ जास्त फिरवावी लागते.

ती फणकारली, "मामा, गाडीच झेपावेना, तर यात माझा संयम कुठला?"

प्रश्न खरा आहे. कठोपनिषदात इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. घोड्यांचे पाय बांधायला तिथे कुणी सांगितलेलं नाही. मी मात्र नेमकं तेच केलं, असं तिचं म्हणणं. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्याचा उपाय सांगताना कृष्ण वैराग्याच्या आधी अभ्यासाचं नाव घेतो. अभ्यासाला हातपाय शाबूत लागतात! पहिलाच उपास निर्जळी कर, असं कुठली आजी नातवाला सांगते?

तेव्हा तूर्तास तिच्या खात्यावर पुण्य नाही, हे मला कबूल. ते वजन कधी उतरवायचं, हे मी ठरवणार नाही. पाना तिच्याच पेटीत आहे.