मीखायाला बोलावणे धाडा

शास्त्रपाठ : १ राजे २२:१-३८



शोमरोनाच्या वेशीपाशी एक खळे होते. त्या खळ्यात दोन राजे राजवस्त्रे लेवून आपापल्या आसनांवर बसले होते, इस्राएलाचा अहाब आणि यहूदाचा यहोशाफाट. अरामाशी तीन वर्षे लढाई झाली नव्हती. परंतु रामोथ-गिलाद हे नगर परत घ्यावे असे अहाबाच्या मनाने घेतले होते. प्रश्न सर्वस्वी राजकीय होता. चढाई करावी की न करावी? त्यावर मत देण्यासाठी सुमारे चारशे संदेष्टे जमवले गेले, आणि त्या चारशांनी एका तोंडाने सांगितले की चढाई करावी, जय ठरलेला आहे.

हा अध्याय मी पुष्कळ वेळा वाचला होता. परंतु वर्तमानपत्र हातात धरून तो वाचावा असे मला फार उशिरा सुचले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की हे चारशे जण बआलाचे नाव घेत नव्हते. ते परमेश्वराचेच नाव घेऊन बोलत होते. म्हणजे त्यांची पाटी चांगली होती. त्यांच्यातला सिद्कीया बिन कनाना तर लोखंडाची शिंगे करूनच आला होता. या शिंगांनी तू अराम्यांना हुंदडून त्यांचा फडशा पाडशील, असे त्याने राजाला करून दाखवले. टेलिव्हिजनवर रात्री नऊच्या सुमारास जी चर्चा चालते, तीत चौकटी-चौकटींतून आठ माणसे एकदम ओरडत असतात आणि खाली तांबड्या पट्टीवर अक्षरे धावत असतात. ती पाहताना मला ही शिंगे आठवतात. शिंगे आणणाऱ्याला युक्तिवादाची गरज पडत नाही. लोक शिंगांकडे पाहत राहतात, आणि रामोथ-गिलादात अराम्यांचे सैन्य किती, हे विचारावयाचे राहून जाते.

यहोशाफाटाला मात्र शंका आली. एवढे सगळे एकच बोलतात, तेव्हा ज्याला विचारावे असा परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा येथे नाही काय, असे त्याने विचारले. अहाब म्हणाला, आहे एक, मीखाया बिन इम्ला. पण मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी बरे बोलतच नाही. पाहा, तो खोटे बोलतो असे अहाब म्हणत नाही. तो माझ्याविषयी बरे बोलत नाही, एवढीच त्याची तक्रार आहे.

मग मीखायाला आणण्यास जासूद गेला. या जासुदाविषयी व्याख्यानांत कोणी फारसे बोलत नाही. तो दुष्ट माणूस दिसत नाही. त्याने वाटेत मीखायाला समजावले की, सगळ्यांनी राजाला अनुकूल असेच सांगितले आहे, तर तुझेही बोलणे त्यांच्यासारखेच असू दे. धमकी नाही, लाच नाही, केवळ हितचिंतकाचा सल्ला. वृत्तपत्राच्या कचेरीत नवख्या बातमीदाराला जो सल्ला मिळतो तो बहुधा याच सुरातला असतो. ‘सगळ्यांनी असेच दिले आहे, तूच काय वेगळे लावतोस?’

आपल्या मराठी भाषेत वृत्तपत्राचा धंदा पोट भरण्यासाठी सुरू झाला नव्हता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले, ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. राज्यकर्त्यांना लोकांचे आणि लोकांना राज्यकर्त्यांचे कळावे म्हणून. दहा वर्षांनी, १८४२ साली, त्या वेळच्या अहमदनगरात अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ काढला, आणि पुढे त्याच्या मराठी भागाचे संपादन रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केले. तेव्हा हा विषय ‘बाहेरच्या लोकांचा’ आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. त्यानंतर पाणी पुष्कळ वाहून गेले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याचे बंधन आले. काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. बहुतेकांनी सोडली नाही.

परंतु भीतीने गप्प बसणे वेगळे आणि पैसे घेऊन बोलणे वेगळे. २००९ साली लोकसभेची आणि मागोमाग महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका बड्या पुढाऱ्याची स्तुती करणारा शब्दशः तोच मजकूर बातमी म्हणून छापून आला होता. जाहिरात असे त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. उमेदवारांमध्ये तेव्हा ‘पॅकेज’ हा शब्द उघडपणे चालत असे. पॅकेज घेतले तर सभेला गर्दी, न घेतले तर सभाच झाली नाही! भारतीय प्रेस कौन्सिलने दोघा सदस्यांची उपसमिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने तो सबंध प्रसिद्ध न करता नावे गाळलेला आखूड अहवाल काढला; मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतरच बाहेर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील एका महिला आमदारांना, अशा छापून आणलेल्या मजकुराचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून, निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. छापणाऱ्यांना मात्र अपात्र ठरवण्याची सोय कायद्यात नाही.

वल्हांडणानंतरच्या रविवारी सकाळी कबरेवरच्या पहारेकऱ्यांना मुख्य याजकांनी पुष्कळ रुपये दिले, तेही पॅकेजच होते. आम्ही झोपेत असता शिष्यांनी शरीर चोरून नेले, असे त्यांनी सांगावयाचे होते. झोपलेला माणूस साक्षीदार कसा, हे विचारणारा बातमीदार त्या दिवशी यरुशलेमेत नसावा. मत्तय लिहितो की ही गोष्ट यहूद्यांमध्ये पसरली, आणि तो लिहीत होता त्या दिवसापर्यंत पसरलेलीच होती. पैसा एकदाच द्यावा लागला; पुढचे काम लोकांनी फुकट केले.

हे पुढचे फुकटचे काम करणारे आपण आहोत. वृत्तपत्रांवर टीका करणे सोपे आहे; मीही करतो आणि त्यात मला सुख वाटते. परंतु चारशे संदेष्टे कोणी निर्माण केले? अहाबाच्या कानांनी. राणी ईजबेलच्या मेजावर संदेष्टे जेवत असत असे अठराव्या अध्यायात आहे. हे चारशे त्यांच्यापैकीच होते असे मी म्हणत नाही, पण ज्या घरी स्तुतीला ताट मिळते त्या घराची वाट संदेष्ट्यांना आपोआप सापडते. (आपल्याच अधिवेशनांचे वृत्तांत घ्या. ‘अधिवेशन अत्यंत यशस्वीपणे पार पडले’ हे वाक्य मी स्वतः चार वेळा लिहिले आहे. त्यांतल्या दोन वेळी मागच्या निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या.)

आम्ही बेळगावात राहतो. १ नोव्हेंबर हा दिवस येथे दोन असतात. कन्नड बांधवांचा तो राज्योत्सव आणि मराठी बांधवांचा काळा दिवस, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपासूनचा. माझ्या घरी मराठी पेपर येतो, शेजारी कन्नड. शाळेत शिकल्यामुळे मला कन्नड सावकाश वाचता येते, म्हणून २ तारखेला मी दोन्ही घेऊन बसतो. रस्ते तेच, चौक तेच, पण वाचताना दोन निरनिराळी गावे वाटतात. एका गावात जनसागर लोटलेला असतो, दुसऱ्यात मूठभर माणसे असतात. आणि खरे सांगतो, आपल्या पेपरातला आकडा वाचताना मी कधी तो पडताळून पाहिला नाही. त्यांच्या पेपरातला आकडा मात्र मी दर वर्षी पडताळतो.

मीखाया राजासमोर आला तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. त्याने प्रथम चारशांचेच उत्तर दिले : जा, जय मिळेल. आणि अहाब चिडला! परमेश्वराच्या नावाने मला खरे तेच सांग, अशी शपथ मी तुला किती वेळा घालू, असे तो म्हणाला. तेच वाक्य चारशांकडून त्याने गोड मानून घेतले होते; मीखायाच्या तोंडून ऐकताच ते खोटे आहे हे त्याला कळले. म्हणजे त्याला आरंभापासूनच कळत होते. पुष्कळदा आपण फसत नाही, आपण फसवून घेतो.

६ डिसेंबर २०२२ रोजी आमच्या शहराजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबराच्या ट्रकांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आमची घरगुती प्रार्थनासभा होती. सभेला निघताना माझ्या फोनवर निरोप आला की दगडफेकीत एक मराठी ड्रायव्हर मरण पावला, मागे बायको व लहान मुले आहेत. निरोपाच्या माथ्यावर दोन बाणांची ती खूण होती, पुष्कळ वेळा पुढे धाडलेल्या निरोपांवर येते ती. ती मी पाहिली. पाहूनही सभेत तो वाचून दाखवला, आणि आवाज जड करून वाचला. लोक रडले. दोन तरुण मुले प्रार्थना संपण्याआधीच उठून गेली.

काचा फुटल्या होत्या हे खरे. ड्रायव्हर मेल्याची बातमी खोटी होती. मला ते दुसऱ्याच दिवशी दुपारी कळले. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर बसले, तेव्हा पुढाऱ्यांच्या नावांनी काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हे प्रकरण पेटवण्यास हातभार लावला असे गृहमंत्र्यांनीच सांगितले. ती बातमी मी घरी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. बनावट खाती काढणारे लोक कसे असतील, यावर आम्ही जेवताना पुष्कळ बोललो. माझ्या बुधवारच्या वाचनाविषयी मी अवाक्षर काढले नाही. नाताळ जवळ आला होता, गायनवृंदाची तयारी होती; आता लोक विसरले असतील, उगाच कशाला उकरून काढा, असे मी मनाशी म्हटले. सत्य सांगणाऱ्या मीखायाच्या गालावर सिद्कीयाने चपराक मारली आणि राजाने त्याला कैदेत टाकून कोरड्या भाकरीवर ठेवले. मला तर कोणी चपराकही मारणार नव्हते.

यहोशाफाटाचेही मला येथे सांगितले पाहिजे. तो देवभीरू राजा. प्रश्न त्यानेच विचारला, उत्तरही त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि तरीही अहाबाबरोबर तो रामोथ-गिलादावर गेला. राजवस्त्रे लेवून गेला. अहाबाने वेष पालटला होता, म्हणून अराम्यांचे रथी अहाब समजून यहोशाफाटावरच धावले, आणि तो ओरडला म्हणून वाचला. खऱ्या माणसाला बोलावणे धाडणे हे अर्धेच काम आहे. बोलावून, ऐकून, पुन्हा चारशांच्या मागून चालू लागणारे सज्जन मंडळीत पुष्कळ असतात. मी त्यांच्यातला आहे.

आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई आहेत, माहेर धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड. आम्ही सारे त्यांना अक्का म्हणतो. डिसेंबरच्या त्या सभेत त्याही होत्या. खाली मान घालून बसल्या होत्या. नंतरचे दोन रविवार त्या उपासनेस आल्या नाहीत. थंडीमुळे नसतील आल्या, असे मी धरून चाललो. फेब्रुवारीत एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मला दाराशी थांबवले.

“दादा, त्या ड्रायव्हरच्या पोरांचं काय कळलं काय हो? मी रोज प्रार्थनेत धरते त्यांना. पण नाव ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असलं तर सांगा, नाव घेऊन मागितलेलं बरं.”

मी सांगितले. तेथेच, चपला घालणाऱ्या लोकांच्या गर्दीत सांगितले.

“म्हणजे मेला नाही तो?”

“कोणीच मेले नव्हते, अक्का.”

त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मग म्हणाल्या, “दोन महिने मला वाटत होतं, आमच्या लोकांनी मारलं त्याला. तुमच्याकडं बघायची लाज वाटायची.”

त्याच बुधवारच्या सभेत मी उभा राहून सर्व सांगितले. उठून गेलेल्या त्या दोन मुलांपैकी एक हजर होता. दुसरा तोवर पुण्याला नोकरीस गेला होता, म्हणून त्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मी तो मेसेज त्याच रात्री आठ-दहा जणांना पाठवला होता. आता त्यांना काय सांगू?”

ती नावे मी त्याच्याकडून मागून घेतली. सहा जणांशी माझे बोलणे झाले आहे.